नऊ नंबरची बेल

पैज टकल्याने लावली आणि मी येडा, हो म्हणून बसलो.

दिवा राहू दे बंद. ऐका.

माझा पाय प्लास्टरमध्ये होता, टकल्याचा हात. दवाखान्यात खाटा शेजारी-शेजारी. समोरची नऊ नंबरची खाट रिकामी. तिथले आजोबा मंगळवारी रात्री गेले. शुक्रवारी टकल्या म्हणतो, "म्हातारा पावणेतीनला गेला. आज पावणेतीनला त्याची बेल दाबून दाखव. नाहीतर उद्यापासून तुला ताई म्हणणार."

रात्रपाळीला माझी सख्खी मावशी. पुरुषांचा वॉर्ड, पलीकडे बायकांचा, आणि दोन्हीकडे मिळून ती एकटी नर्स. आधी अशी नव्हती हां ती. कुणी नुसतं कण्हलं तरी जेवणावरून उठायची. अजून एक नर्स द्या, हे सांगून सांगून तिची जीभ झिजली. मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "घ्या सांभाळून." हल्ली कुणी हाक मारली की ती मान वर न करता म्हणायची, "येते हां." आणि यायचीच नाही. लोक पण काय, कुणाला पंखा हवा, कुणाला नको, दाब बेल. मी तर ती पळते कशी ते बघायला दाबायचो.

पावणेतीनला लंगडत गेलो. बटण दाबलं. नऊवरचा लाल दिवा लागला. आवाज मात्र... काहीच नाही.

"बेल पण मेली," टकल्या कुजबुजला.

मी परत येऊन पांघरुणात शिरलो. मावशी बायकांकडे होती.

आणि बेल वाजली.

खणखणीत. थांबेचना.

मी टकल्याकडे बघितलं. त्याचा धड हात माझ्या दंडाला घट्ट. नऊवर लाल दिवा. खाटेवर कुणी नाही. बटण वायरीला लोंबत होतं... हलत होतं.

मावशी धावत आली. नऊसमोर थबकली. तोंड पांढरंफटक.

"तुम्ही...?" ती खाटेला म्हणाली.

बेल थांबली.

मग ऐकू आलं. नऊच्या शेजारच्या दहा नंबरचे मास्तर. घशात घरघर... मग तीही नाही.

मावशीने झेपच घेतली. कुशीवर वळवलं, नळीने घसा मोकळा केला, ऑक्सिजन लावला. डॉक्टर येईपर्यंत मास्तरांचा श्वास परत सुरू झाला होता.

सकाळी मोठ्या सिस्टर आल्या आणि थेट आमच्याकडे वळल्या. "रिकाम्या खाटेची बेल कुणी वाजवली?"

मी हात वर केला. "दाबली मी. पण तेव्हा वाजलीच नाही. वाजली ती नंतर, आपली आपण."

"थापा मारतोस?"

मावशी स्टूलवर चढली, भिंतीवरच्या नऊ नंबरच्या बेलची पेटी उघडली, आत बोट घातलं. रिकामी. मग खाली उतरून नऊकडे गेली.

उशी मधोमध दबलेली. कुणी डोकं टेकवल्यासारखी. आणि खळग्यात कापसाचा बोळा. चपटा, मधोमध काळा... टोले खाल्लेला.

कुणी हात लावेना.

"पोरगा खरं बोलतोय," मावशी म्हणाली. "बेलमध्ये बोळा मी कोंबला होता. आजोबा सारखी दाबायचे, आवाज सहन होईना."

"काल?"

"नाही."

"मग कधीपासून?" मोठ्या सिस्टरनी विचारलं.

"सोमवारपासून," मावशी म्हणाली. "मंगळवारी रात्री पण आतच होता."