उपाशीपोटी यावे

"मी पाच फूट आठ इंच आहे, सिस्टर! आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, मला माझी उंची कळत नाही होय?"

भिंतीला पाठ टेकवून, पायांत नुसते मोजे घालून एक गृहस्थ हुज्जत घालत होते. डोक्यावर मोजपट्टीची फळी टेकलेली, त्यामुळे मान हलवता येत नव्हती... राग सगळा भुवयांत गोळा झाला होता. सिस्टरने शांतपणे कागदावर लिहिलं, "पाच फूट साडेसहा."

"तुमची पट्टी चुकीची लागलीय."

मला हसू आवरेना. फळीखालूनच त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले. "हसताय काय बाई? पुढचा नंबर तुमचाच आहे."

"माझी भरू दे की कमी. मला कुठं कुंपण घालायचंय!"

आता सिस्टरही हसली. ते मात्र हसले नाहीत. फक्त त्यांच्या डाव्या गालावर एक बारीकशी खळी उमटली आणि गेली. मी तेव्हा सहासष्ट वर्षांची होते. त्या वयात परक्या माणसाच्या खळीकडे बघू नये, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण मी बघितलंच.

आम्ही दोघं त्या दवाखान्यातल्या एका अभ्यासात नाव नोंदवून आलो होतो. कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी उतारवयातल्या हाडांचं भलं करते, बुरं करते की काहीच करत नाही, हे त्यांना बघायचं होतं. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. कोणाला कुठली, ते तीन वर्षं कोणालाच कळणार नव्हतं. दर सहा महिन्यांनी यायचं, रक्त द्यायचं, मशिनखाली निजून हाडं तपासून घ्यायची. नावं वापरायची नाहीत, नुसते नंबर. मी सत्तेचाळीस, ते अठ्ठेचाळीस. बोलावण्याच्या पत्राच्या तळाशी ठळक अक्षरांत एकच सूचना असायची – उपाशीपोटी यावे.

दुसऱ्या खेपेला मी बाकावर बसले होते, तर ते मुद्दाम शेजारी येऊन बसले.

"काय सत्तेचाळीस, हाडं काय म्हणतायत?"

"कुरकुरतायत. तुमची उंची वाढली का?"

"उन्हाळ्यात थोडी वाढेल. लोखंड प्रसरण पावतं ना."

"म्हणजे तुम्ही लोखंडाचे!"

"तसा गंजलोय थोडा..."

असं आमचं बोलणं. सहा महिन्यांतून एकदा, तासभर. मी तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते, हे ऐकून ते म्हणाले, "तरीच! तुमचा आवाज कुठंतरी ऐकल्यासारखा वाटत होता." खोटं होतं ते. पण घरी आल्यावर मी आरशासमोर उभी राहून एकदा "हॅलो, नंबर प्लीज" म्हणून बघितलं. आवाज अजून चांगला होता.

माझे यजमान जाऊन आठ वर्षं झाली होती. लेक दूर, तिच्या संसारात. अठ्ठेचाळीसांचं तर लग्नच राहून गेलं होतं. "आज या गावची मोजणी, उद्या त्या गावची. मुलगी बघायला जायचं ठरलं की नेमका बांधावरून कुणाचा तरी तंटा उभा!" हे सांगताना ते हसत होते, पण चष्मा काढून पुसत होते.

आणि मी? ज्या बाईने अख्ख्या शहराचे फोन एकमेकांना जोडून दिले, तिला एका माणसाचा नंबर मागता येईना. या वयात लोक काय म्हणतील, लेक काय म्हणेल... ते तरी कुठं विचारत होते! दोघांच्याही तोंडाला कुलूप. मग मी आपली कॅलेंडरावर सहा महिने मोजत बसायची.

पाचव्या खेपेच्या चार दिवस आधी मी न्हाणीघरात घसरले. मनगट मोडलं. दवाखान्याला कळवायचं राहूनच गेलं. तीन आठवड्यांनी, हात गळ्यात बांधून मी तिथं पोचले, तर सिस्टर मला बघताच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आलात बाई एकदाच्या! आता या अठ्ठेचाळीसांना समजवा. तीन मंगळवार झाले, येतात आणि सांगतात, 'सिस्टर, चुकून बिस्कीट खाल्लं.' खाल्लं की रक्त घेता येत नाही, की मग पुढच्या मंगळवारी या! शिकलासवरला माणूस, तीन-तीनदा चुकून बिस्कीट खातो?"

बाकावर अठ्ठेचाळीस बसले होते. कानांच्या पाळ्या लाल झालेल्या. मी शेजारी बसले.

"आज खाल्लंत का?" मी हळूच विचारलं.

"आज नाही. आज... खिडकीतून तुम्ही येताना दिसलात." मग माझ्या प्लॅस्टरकडे बघत म्हणाले, "पडलात तेव्हा कोणी उचललं?"

"कोणी नाही. माझी मीच उठले."

त्यांनी माझी पर्स आपल्या मांडीवर घेतली आणि मी मशिनखालून परत येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवली. मशिनखाली निजल्या निजल्या मला रडू येत होतं. हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं, म्हणून रडले नाही.

आणि मग शेवटची खेप आली.

आज रक्त दिलं की अभ्यास संपला. पुढचं पत्र नाही, पुढचा मंगळवार नाही. रात्रभर मनात घोकत होते – विचार, बाई, आज तरी विचार. पण बाकावर बसलो आणि ते म्हणाले, "आता पुढं काय?" तर माझ्या तोंडून काय निघावं?

"पुढं काय... कुठली गोळी होती ते कळवतील पोस्टाने."

"हं," ते म्हणाले आणि मोज्यांकडे बघत राहिले.

"सत्तेचाळीस!" सिस्टरने हाक मारली. "उपाशी आहात ना?"

मी उठले. पोटात कावळे ओरडत होते, काल रात्री आठपासून पाण्याशिवाय काही नव्हतं. रक्त दिल्यावर खायला म्हणून पर्समध्ये पुडा ठेवला होता. मी तो काढला, फोडला आणि सिस्टरच्या डोळ्यांसमोर एक बिस्कीट तोंडात टाकलं.

"नाही," मी म्हटलं. चुरा साडीवर पडत होता.

सिस्टर माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने पेनाला टोपण लावलं. "बरं. पुढच्या मंगळवारी या. आणि अठ्ठेचाळीस, तुम्ही?"

ते कधी माझ्यामागे येऊन उभे राहिले, मला कळलंच नाही. त्यांनी हात पुढं केला. "मीही उपाशी नाही, सिस्टर. म्हणजे... बाईंनी एक दिलं तर."

मी दिलं. त्यांनी ते तिथंच, उभ्या उभ्या खाल्लं. मग बाहेर पायरीवर बसून आम्ही अख्खा पुडा संपवला आणि शेवटच्या बिस्किटाला ते म्हणाले, "मंगळवारपर्यंत थांबायलाच हवं का?"

"नको," मी म्हटलं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. पोस्टाने दोन पाकिटं आली, ती आमच्या एकाच पत्त्यावर. माझी गोळी खरी होती, त्यांची बिनऔषधाची. हाडं दोघांचीही कुरकुरतात.

दर वर्षी त्या मंगळवारी ते स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहतात आणि मी डोक्याशी पेन्सिलीने खूण करते. दर वर्षी खूण जराशी खाली येते. ते म्हणतात, चौकट वाढतेय.

यंदा त्यांना सरळ उभं राहायला काठी लागली. डोळे मिटून म्हणाले, "हं, सांगा. किती भरलो?"

मी स्टुलावर चढले आणि चौकटीवर अगदी वर, जिथं त्यांचं डोकं पोचत नव्हतं, तिथं रेघ मारली.

"पाच फूट आठ इंच," मी म्हटलं.

त्यांनी वर बघितलंच नाही. डाव्या गालावर खळी पडली, आणि ते म्हणाले, "आता खाली उतरा सांभाळून. मी धरतो."