कापसाकडे झुकणारा आवाज

बसा, उठू नका कोणी. घरी जायची घाई होती तर भुताचा विषय काढायचाच नव्हता. गाण्याच्या पेट्यांवरून बोलणं निघालंच आहे, तर नथ्थूचं सांगतो. नथ्थू नंदुरबारला माझ्या दुकानाशेजारी रेडिओ दुरुस्त करायचा. थापा मारायचा, नाही असं नाही, पण त्या गिऱ्हाइकांना. मला कधी मारली नाही.

सदुसष्ट साल नुकतंच लागलं होतं. मंगळवारची रात्र, मार्गशीर्षातली अमावास्या. संध्याकाळच्या एसटीनं नथ्थू हत्यारांची पिशवी घेऊन कोरीटला गेला. तिथल्या रूपचंद पाटलानं सुरतेहून दोन पेट्यांचं स्टीरिओ यंत्र आणलं होतं. तबकडी लावली की गाणारी बाई दोन्ही पेट्यांच्या मधोमध उभी आहे असं वाटावं, हीच त्या यंत्राची मजा. पण रूपचंदच्या बैठकीत ती बाई मध्ये उभीच राहीना. आवाज उजवीकडे झुकायचा. आणि उजवीकडे होता कापूस.

भाव येईपर्यंत आपल्याकडे कापूस घरातच भरतात. माणसं ओट्यावर झोपतील, पण कापूस आत. रूपचंदची अर्धी बैठक आढ्यापर्यंत भरलेली होती. दोन वर्षांमागे याच खोलीत, याच कोपऱ्यात, त्याची थोरली मुलगी कापसावर उड्या मारता मारता आत गेली आणि गुदमरून मेली. तरी पुढच्या हंगामात कापूस तिथेच. मला त्याचा राग अजून येतो.

रूपचंद हातपाय धुवायला मागे गेला, तेव्हा त्याची बायको प्रमिलाबाई चहा घेऊन आली. नथ्थूला वाटलं होतं, बोलावणं पाटलाचं आहे. ते तिचं होतं. धाकटी सिंधू चार वर्षांची. गाणं लागलं की ती हातातलं खेळणं टाकून कापसाजवळ जायची.

"नथ्थूभाऊ, काहीबी करा, तो आवाज तठून काढा," प्रमिलाबाई हळूच म्हणाली. "पोर कापूसले कान लाईसन बसस. कोणीतरी बलावस म्हने."

नथ्थूनं मान डोलावली. बाईमाणसाचं मन, दुखावलेलं, त्यात नवल काय, असं त्याला वाटलं. सिंधूला आत झोपवून प्रमिलाबाई चुलीकडे गेली आणि नथ्थू कामाला लागला.

आधी त्यानं दोन्हीकडचा आवाज कमीजास्त करायचं बटण पार डावीकडे फिरवलं. गाणं बारीक झालं, पण बाई उजवीकडेच. मग पेट्यांच्या तारा अदलाबदल केल्या. दोष यंत्रात असता तर आवाज डावीकडे सरकला असता. सरकला नाही. मग रूपचंदला हाताशी घेऊन पेट्याच उचलून इकडच्या तिकडे केल्या. तरी तेच. म्हणजे यंत्र चांगलं, पेट्याही चांगल्या. राहिली खोली.

इथे नथ्थूचा हात थांबला. कापूस आवाज पिऊन टाकतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अशा खोलीत आवाज झुकायचाच तर उघड्या भिंतीकडे झुकायला हवा. डावीकडे. हा उलटा जात होता. त्याला तो झुकाव मुळीच आवडला नाही.

त्यानं उजव्या पेटीची तार उपटली.

पेटी मुकी झाली. त्यानं जाळीला कान लावून पाहिला. काही नाही.

गाणं उजवीकडूनच येत होतं. पेटीच्या मागून... खालून. जमिनीजवळून.

नथ्थूनं हात लांबवला आणि तबकडीवरची सुई उचलली.

गाणं चालूच राहिलं.

बारीक आवाज. बाईचा नाही... लहान मुलीचा. एक ओळ पुरी केली. मग गप्प.

"रूपचंदभाऊ..." नथ्थू म्हणाला, "सुई उचलेल शे."

रूपचंदनं तोंड उघडलं, तेवढ्यात आतून प्रमिलाबाई आली. दारात उभी राहिली. तिच्या हातात नुसती गोधडी.

"सिंधू आथरुनमा नही शे."

तिघांनीही एकदमच कापसाकडे पाहिलं. ढीग सपाट. कुठे पाऊल नाही, खळगा नाही.

रूपचंद आधी धावला. दोन्ही हातांनी कापूस ओढू लागला. नथ्थूनं पेटी ढकलून दिली. जिथून गाणं येत होतं तिथेच हात घातला... कोपरापर्यंत... खांद्यापर्यंत. प्रमिलाबाई रडत नव्हती. नुसती उपसत होती. नाकातोंडात तंतू जात होते.

नथ्थूच्या बोटांना पाय लागला.

गरम होता.

सिंधूला बाहेर काढलं. ओठ निळे पडलेले, पण श्वास चालू. आईच्या मांडीवर खोकली, डोळे उघडले, आणि घाबरली मात्र मुळीच नव्हती. नथ्थू म्हणायचा, त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली ती याचीच.

"ताईनी माले धरी ठेवं," ती म्हणाली.

वाचवायला धरलं, की न्यायला? ते ना तिला कोणी विचारलं, ना मी तुम्हाला सांगू शकतो. रूपचंद भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्याच रात्री त्यानं गाडी जुंपली आणि एकट्यानं कापूस बाहेर काढायला सुरुवात केली.

प्रमिलाबाई मुलीच्या केसांतला कापूस वेचत होती. वेचता वेचता तिचा हात थांबला. निजवताना तिनं सिंधूचे केस मोकळे सोडले होते. आता त्यांच्या दोन वेण्या होत्या. घट्ट, ताज्या, आणि टोकाला रिबिनीऐवजी कापसाच्या वळलेल्या वाती बांधलेल्या.

नथ्थूनं त्या सोडायला हात पुढे केला.

प्रमिलाबाईनं त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या, भाऊ," ती म्हणाली. "थोरलीले माले इचारीसन हिनी वेनी घालानी सवय नव्हती."