शेपटीचा काठ

चाकणच्या रबराच्या वर्कशॉपमध्ये मिनल साचा पुसत होती, तेव्हा एका तरुणानं पिशवीतून अख्खी चिलापी काढून तिच्या टेबलावर ठेवली.

"अशी शेपटी हवीय," तो म्हणाला. "रबराची."

मिनलनं माशाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. तो थट्टा करत नव्हता.

त्याचं नाव समर्थ. पिंपळे गुरवच्या एका छोट्या कंपनीत तो पाण्याखालचा रोबो बनवत होता, धरणाच्या भिंतीतल्या भेगा शोधणारा. पुढं ढकलायला पंखा लावला की गाळ उसळायचा आणि कॅमेऱ्याला काहीच दिसायचं नाही. म्हणून त्यानं तीन शेपट्या करून पाहिल्या; पण यंत्र नुसतं जागच्या जागी थरथरायचं. शनिवारच्या चाचणीत नाही जमलं तर काम बंद होणार होतं.

मिनल भिगवणच्या मासेमाराची लेक. तिनं त्याचं बोट धरलं आणि शेपटीवरून हळूच फिरवलं.

"बुडाशी कशी लागते?"

"कडक."

"आणि काठाला?"

"मऊ..." बोट काठावरच थांबलं. तिचंही.

त्याच्या तिन्ही शेपट्या बुडापासून काठापर्यंत सारख्याच कडक होत्या. मग मिनलनं मालकांना विचारून एकाच साच्यात दोन रबरं घातली, बुडाशी कडक नि काठाला मऊ. पहिली शेपटी जोडावरच सुटली; दुसरीत तिनं दोन्ही रबरं एकमेकांत मिसळू दिली, ती टिकली. समर्थ रोज शिफ्ट सुटायच्या वेळी यायचा, आणि येताना प्रश्न घेऊन यायचा. मासा वळतो कसा? एका जागी थांबतो कसा? मिनल हातानं करून दाखवायची. तो हाताकडं बघायचा, मग... नुसताच बघायचा.

"प्रश्न माशाचा होता ना?" तिनं एकदा विचारलं.

"होता," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

शनिवारी मिनलसमोरच कंपनीतल्या टाकीत यंत्र सोडलं. शेपटी एकदा हलली, दुसऱ्यांदा — आणि ते सावकाश, आवाज न करता पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलं. तळाचा गाळ तसाच निजलेला. समर्थच्या साहेबांनी काम पुढं चालू ठेवायला सांगितलं.

सगळे पांगल्यावर समर्थ ओल्या हातांनी तसाच उभा राहिला.

"आता तुमच्याकडं यायला कारण उरलं नाही," तो म्हणाला.

मिनलनं टाकीतल्या पाण्यात बोटं बुडवली. उद्या ती भिगवणला घरी जाणार होती. दोन माणसांचं जेवण जास्त कर, असं तिनं आईला सकाळीच कळवलं होतं. हे तिनं त्याला सांगून टाकलं.

समर्थ गोंधळला. "दुसरं माणूस कोण म्हणून सांगितलंत?"

"ते तू येऊन सांग," मिनल म्हणाली. आजवरचं 'तुम्ही' ती चुकून विसरली नव्हती.