डावीकडची जागा

पुरुषांशी माझी ओळख पाठीपासून होते. हृदयाच्या दवाखान्यात मी इको करते, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. पेशंट डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपतो. मी त्याच्या पाठीशी बसते आणि हात पुढे वळवून मशीनचा प्रोब छातीवर टेकवते. खोलीत अंधार ठेवावा लागतो, नाहीतर पडद्यावरचं नीट दिसत नाही. ताई म्हणते, "इतक्या जणांना मिठी मारून झाली तुझी, एखादा घरी आणला असतास तर काय बिघडलं असतं?" बेचाळिशी उलटली तरी तिचं हे चालूच आहे, आणि माझं उत्तरही ठरलेलं आहे. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे, निवडू कशी?

चष्मेवाले, म्हणजे जवळच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक, पेशंट म्हणून आलेच नव्हते. आमच्या डॉक्टरीणबाईंचा नवा चष्मा द्यायला आले होते. तो त्यांच्या कानावर बसवता बसवता एकदम टेबल धरून उभे राहिले. बाईंनी नाडीवर बोट ठेवलं आणि तसंच त्यांना माझ्याकडे पाठवून दिलं.

पाठ सडपातळ होती, ताठ. छप्पन्न वर्षांच्या माणसाची वाटत नव्हती. मी प्रोब टेकवला, आवाज सुरू केला. ठोका आला... अगदी संथ. पुन्हा एक. आणि मग काहीच नाही. मी श्वास रोखून बसले. त्या शांततेत स्पीकरमधून दुसरंच काहीतरी ऐकू येऊ लागलं. पावलं. ओल्या मातीवरून कुणीतरी धावत होतं, लांबून जवळ येत होतं. मग धप्पकन ठोका पडला आणि पावलं विरून गेली.

वायर सैल असेल म्हणून मी प्लग हलवून पाहिला. भिंतीकडून हळू आवाज आला.

"तुम्हालाही ऐकू आलं का?"

"काय?"

"काही नाही... तुम्ही प्लग हलवलात, म्हणून विचारलं."

दिवा लावला तेव्हा ते वळले आणि माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, घाबरलेत बिचारे.

"तुमच्या चष्म्याची डावी काडी वाकलीय," ते म्हणाले. "जग तिरकं दिसत असेल."

"जग तिरकंच आहे. चष्मा सरळ आहे."

"दुकानात या. चष्म्याचं बघतो. जगाचं काही मला जमायचं नाही."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना आडपडदा न ठेवता सांगितलं. धावणं-चालणं हृदयाला चांगलंच, त्यात वाद नाही. पण वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचं धावलेल्या काही पुरुषांचं हृदय ताणलं जातं, त्यात व्रण पडतात, ठोके अडखळतात. त्यांचं हृदय मधेच काही क्षण थांबतंय आणि एखाद्या दिवशी तो क्षण फार लांबेल. पेसमेकर बसवायला हवा, तोवर धावणं बंद. ते नम्रपणे म्हणाले, विचार करतो. आणि गेले.

दोन दिवस मी दम धरला. तिसऱ्या दिवशी चष्मा घेऊन दुकानात हजर झाले.

त्यांनी काडी गरम करून वाकवली, मग चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला. त्यांची बोटं माझ्या कानांमागे होती... थंडगार आणि अगदी हलकी.

"श्वास घ्या," ते म्हणाले.

"हे माझं वाक्य आहे."

"म्हणूनच उसनं घेतलं. तुम्ही केव्हापासून रोखून धरलाय."

मी लाजले, या वयात! मग धीर करून विचारलं, लग्न का नाही केलंत. पहाटे साडेचारला उठून पळून जाणारा नवरा कुणाला हवा असतो, म्हणाले. मी म्हटलं, परत येत असला तर चालतो काहींना. यावर ते हसले.

हळूहळू त्यांनी सगळं सांगितलं. तळ्याभोवती धावणारी त्यांची पन्नाशी-साठीची मंडळी होती. चहाच्या वेळी सगळे आपापली नाडी मोजायचे, आणि ज्याची सगळ्यांत संथ तो त्या दिवशीचा राजा. चष्मेवाले कायमचे राजे. डोळ्यांपुढे अंधारी आली तरी त्यांना वाटायचं, तयारी उत्तम चाललीय. ही मंडळी जोडीजोडीने धावायची. जोडीतला एक गेला, तर त्याची जागा वर्षभर रिकामी ठेवायची, कुणी त्यात पाऊलही टाकायचं नाही. चष्मेवाल्यांच्या डावीकडे मास्तर धावायचा, शाळेपासूनचा मित्र. गेल्या हिवाळ्यात धावता धावताच तो खाली बसला, तो उठलाच नाही.

"तेव्हापासून अंधारी आली की मला त्याची पावलं ऐकू येतात," ते म्हणाले. "अगदी शेजारी. ते मशीन बसवलं की बंद होतील. तो तिथे एकटा पडेल हो."

मी घरी येऊन ताईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. माझं प्रेम बसलं होतं, तेही अशा माणसावर ज्याचं मन मेलेल्या मित्रात अडकलेलं. ताईने एकदाही चेष्टा केली नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

मग रोज संध्याकाळी ते मला घरापर्यंत सोडायला येऊ लागले. छत्री माझ्यावर धरायचे, स्वतः भिजायचे. गप्पांना खळ नसायचा. पण ऑपरेशनचं नाव काढलं की आज नको, उद्या बघू. आणि मला नेहमी उजवीकडून चालवायचे. एकदा मी चुकून डावीकडे गेले, तर त्यांनी मला हलकेच खांद्याला धरून बाजूला केलं आणि पुटपुटले, "माफ कर रे." ते माझ्याशी बोलत नव्हते.

मास्तरला जाऊन वर्ष झालं, तो दिवस आला. त्या सकाळी सगळी मंडळी शेवटचं त्याच्या रिकाम्या जागेसह धावणार होती. चष्मेवाल्यांनी आदल्या दिवशी मला ते सांगितलं आणि माझ्या नजरेला नजर दिली नाही. मी हातापाया पडले, भांडले. एकच फेरी, म्हणाले. मास्तरही त्या दिवशी हेच म्हणाला असणार.

सकाळी तळ्यावर धुकं होतं. मी दवाखान्यात जायच्या कपड्यांत, चपला घालून काठावर उभी होते. धुक्यातून एकेक जोडी येत गेली, म्हाताऱ्यांच्या तोंडांतून वाफा निघत होत्या. सगळ्यांत शेवटी ते आले. चेहरा पांढराफटक, ओठांवर हसू. त्यांच्या तोंडातून वाफ निघाली... आणि त्यांच्या डावीकडे, खांद्याच्या उंचीवर, जिथे कुणीच नव्हतं, तिथेही वाफेचा एक लहानसा ढग उमटला. पुन्हा एक. मी डोळे चोळून पाहिलं. तो होताच.

पळून जावंसं वाटलं. पण मी गेले असते तर त्यांना मास्तर घेऊन गेला असता, एवढं मला कळत होतं. मी चपला सोडल्या आणि त्यांच्या डावीकडे शिरले. पुढचे एक आजोबा ओरडले, बाई, ती जागा सोडा. फ्रीज उघडावा तसा गारवा अंगावर आला. दात वाजत होते, तरी मी त्या गारव्याकडे तोंड करून म्हटलं,

"सरका थोडं, भाऊजी. इथे मला यायचंय."

चष्मेवाले थबकले. गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत राहिले.

"काय म्हणालात त्याला?"

"नवऱ्याच्या मित्राला दुसरं काय म्हणतात?"

ते माझ्याकडे बघत राहिले, पहिल्या दिवसासारखेच, फक्त आता डोळे भरलेले होते. मी त्यांचा हात हातात घेतला, बोटं सवयीने नाडीवर गेली. ठोका होता... मग नव्हता. आमच्या शेजारी, अगदी हाताच्या अंतरावर, पावलं जागच्या जागी वाजत होती. वाट बघत होती. त्यांचे ओठ निळसर पडले, आणि अगदी हळू, मला जेमतेम ऐकू येईल असं ते बोलले.

"मास्तर... तू हो पुढे. मला इथे थांबायचंय. हिच्यापाशी."

पावलं क्षणभर घुटमळली. मग निघाली, तळ्याच्या वळणापर्यंत ऐकू आली आणि धुक्यात गेली. माझ्या बोटांखाली ठोका पडला. मग दुसरा.

"तो थांबला नाही," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

"तुम्ही थांबलात," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंना मी तिथूनच फोन केला. त्या म्हणाल्या, लगेच गाडी पाठवते, त्यांना एक पाऊलही पळू देऊ नकोस. गाडी यायची ती वरच्या रस्त्यावर. तेवढंच अंतर आम्ही हातात हात घेऊन चाललो. त्यांना सावकाश चालताच येत नव्हतं. ते मी शिकवलं.