फेरीबोटीवरची रिकामी पेटी

"बाई, ही पेटी फारच हलकी लागतेय," कप्तान म्हणाला आणि त्याने ती बाईंसमोर ठेवली.

नेमबाजी क्लब चालवणाऱ्या सरांनी गळ्यातली किल्ली काढून कुलूप उघडलं. आत काळा स्पंज होता, स्पंजात रायफलीच्या आकाराचा खळगा होता. रायफल नव्हती.

दुपारचे तीन वाजले होते. फेरीबोट दीड तास खाडीच्या मधोमध नांगर टाकून उभी होती. धुकं इतकं दाट होतं, की कठड्यापलीकडचं पाणीही दिसेना. दर दोन मिनिटांनी भोंगा वाजे आणि सगळं लोखंड हादरे. मागे जाता येत नव्हतं, पुढे जाता येत नव्हतं.

बाई शस्त्रपरवाना कार्यालयात निरीक्षक होत्या. बाराच्या सुमारास धक्क्यावर त्यांनीच ही गाडी तपासली होती. नेमबाजी क्लबची गाडी, राज्य स्पर्धेला निघालेली. काळ्या काचा, डिकीत अगदी एकसारख्या दोन लांब पेट्या. दोन्ही रायफली रिकाम्या. बोल्ट काढून वेगळ्या थैलीत ठेवलेले, काडतुसं पुढच्या सीटखाली कुलूपबंद डब्यात. दोन्ही पेट्यांना कुलपं, आणि मुठींतून ओवलेली साखळी डिकीच्या कडीला जखडलेली. इतकी चोख बांधणी त्यांनी क्वचितच पाहिली होती. क्रमांक जुळवून झाल्यावर सरांच्या मदतनीसाने पेट्या परत ठेवल्या. ठेवताना वरची खाली गेली आणि खालची वर आली, एवढाच काय तो फरक. बाईंनी कागदावर सही केली आणि घरी जायला स्वतःही त्याच बोटीत चढल्या.

आता ती सही त्यांच्या मानेवर बसली होती.

बोट तासाहून जास्त अडकून पडली तर तिच्यावरची शस्त्रं कप्तानाच्या लोखंडी कपाटात ठेवायची, असा नियम. म्हणून तर पेट्या बाहेर काढल्या. गाडीच्या मागे ट्रक असा चिकटून उभा होता, की डिकी उघडणंच शक्य नव्हतं. मागची सीट पाडून, आतूनच पेट्या ओढाव्या लागल्या होत्या. वर होती ती रिकामी. खालची भरलेली.

"कोणाची गेली?" बाईंनी विचारलं.

"माझी," सर म्हणाले. साठीचा ताठ माणूस, पण आवाज बसला होता. "लेकीची जागेवर आहे. माझी जुनी गेली."

"धुकं निवळलं की पलीकडे पोलीस वाट बघत असतील," कप्तान म्हणाला. "मी वायरलेसवर कळवलंय. हयगयीचा गुन्हा परवानाधारकावरच लागतो. म्हणजे सरांवर."

"आणि मी मोजून सही केलीय," बाई म्हणाल्या. "धुकं निवळेपर्यंत मला बोलू द्या सगळ्यांशी."

खलाशांनी ताडपत्र्या उचलल्या, इंजिनखोली पालथी घातली. काही सापडलं नाही. तोवर बाई रिकामी पेटी गुडघ्यांवर घेऊन बसल्या. कुलूप शाबूत, एक ओरखडा नाही. मग त्यांनी पेटी उलटी केली. मागे तीन बिजागऱ्या होत्या, प्रत्येकीत एक आडवी खीळ. दोन खिळींची डोकी डावीकडे होती, तिसरीचं उजवीकडे, आणि तिच्या टोकाशी काळा रंग नुकताच खरवडलेला.

पेटी कप्तानाकडे देऊन त्या वरच्या चहाखोलीत गेल्या.

चौघं तिथंच होती. सर, त्यांचा मदतनीस, लेक ठकी आणि गाडी चालवणारा तिचा मोठा भाऊ. ठकी बावीस वर्षांची, क्लबची पहिली नेमबाज. एका हाताने डावा डोळा झाकून कोपऱ्यात बसली होती.

"डोकं दुखतंय?" बाईंनी विचारलं.

"भोंग्यानं," ती तुटक बोलली.

बाई आधी मदतनीसाकडे वळल्या. "बोट थांबल्यावर खाली गेला होतात?"

"सिगारेट ओढायला. दहा मिनिटं."

"पेटीची दुसरी किल्ली कोणाकडे असते?"

त्याचा चेहरा उतरला. "माझ्याकडे. पण बाई, मी..."

"त्याला क्लब हवाय माझा!" सर उसळले. "गेल्या महिन्यात तोंडावर म्हणाला, सर, आता तुम्ही थांबा."

"म्हणालो! समोर म्हणालो. चोरून काही केलं नाही."

"सर, तुम्ही खाली गेलात?"

"इथून हललो नाही. कप्तानाला विचारा, त्याच्याशीच बोलत होतो."

"ठकी, तू?"

"गाडीत पडून आले. अर्धा तास."

"आणि तुम्ही?"

भाऊ खिडकीबाहेर बघत होता. "हिचं स्वेटर आणायला गेलो. लगेच आलो."

"धक्क्यावर मी पेट्या तपासत होते तेव्हा तुम्ही दिसला नाहीत."

"तिकिटाच्या रांगेत होतो."

"सकाळी डिकी कोणी भरली?"

"मीच. बारा वर्षं मीच भरतोय. नेमबाजी मात्र कधी केली नाही."

भोंगा वाजला. टेबलावरचे कप थरथरले. तो थांबला तशा बाई उठल्या. मग त्यांनी कप्तानाला बोलावून घेतलं आणि दार लावून घेतलं.

"आता मला काय वाटतं ते सांगते," त्या म्हणाल्या. "चोराने बोल्टच्या थैलीला हात लावला नाही, काडतुसांनाही नाही. बोल्टशिवाय रायफल म्हणजे नुसता दांडका. तिने गोळी झाडता येत नाही. मग ती नेली कशाला? तर ती स्पर्धेला पोचू नये म्हणून. पण सरांची जुनी रायफल पोचली काय, न पोचली काय, कोणाचं अडणार होतं? अडणार होतं ते ठकीच्या रायफलीवाचून. म्हणजे चोराला ठकीची हवी होती. चुकून सरांची हाती लागली."

"चुकून कशी?" सरांनी विचारलं.

"पेट्या एकसारख्या. सकाळी ठकीची वर होती. माझ्या तपासणीत ती खाली गेली. हे मला ठाऊक, सर, तुम्हाला ठाऊक आणि मदतनीसाला तर चांगलंच ठाऊक, त्यानेच ठेवल्या. शिवाय त्याच्याकडे किल्ली आहे. किल्लीवाला माणूस बिजागरीची खीळ ठोकून काढत बसत नाही. कुलूप तसंच ठेवून पेटी मागून उघडली गेली, आणि घाईत एक खीळ उलटी बसली."

मदतनीसाने श्वास सोडला.

"ठोकल्याचा आवाज?" कप्तान म्हणाला.

"तुमचा भोंगा होता ना! दर दोन मिनिटांनी एकेक घाव."

"मग राहिलो आम्ही दोघं," ठकी म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "म्हणजे मीच?"

"नाही. तू डावखुरी आहेस. तुझ्या रायफलीवर गाल टेकवायचा उंचवटा दुसऱ्या बाजूला आहे, धक्क्यावर पाहिला मी. काळोखात नुसता हात फिरवला असतास तरी तुला परकी रायफल कळली असती. क्लबमधल्या कोणालाही कळली असती. न कळणारा माणूस एकच. जो बारा वर्षं रायफली वाहतो, पण ज्याने एकदाही खांद्याला लावली नाही."

सगळ्यांच्या माना भावाकडे वळल्या.

त्याने नाही म्हटलं नाही. "खाली जिन्याजवळ स्ट्रेचर टांगलंय," तो म्हणाला. "त्याच्या गुंडाळीत आहे."

कप्तान धावला. सर उठले आणि त्यांनी मुलाची कॉलर धरली. "माझी अब्रू वेशीला टांगायला निघालास? का?"

"दादा, बोलू नकोस!" ठकी ओरडली. "शपथ घातलीय तुला."

"घाल अजून दहा." भावाचे डोळे भरून आले. "बाबा, हिच्या डाव्या डोळ्यातला पडदा सुटत चाललाय. आतला. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, लगेच शस्त्रक्रिया करा, आणि तोवर बंदुकीचा एकही धक्का नको. एका धक्क्याने डोळा जाईल. ही म्हणते, राज्य स्पर्धा झाल्यावर बघू. तुम्हाला सांगितलं तर खाडीत उडी घेईन म्हणाली. मी काय करणार होतो? वाटलं, चार दिवस हरवू दे रायफल, मग सापडली म्हणून आणून देईन. तुम्हाला आत टाकतील हे मला... आईशपथ बाबा, मला माहीत नव्हतं."

सरांच्या हातातली कॉलर सुटली.

"कधीपासून?" त्यांनी लेकीला विचारलं.

"तीन आठवडे."

"रोज माझ्याशेजारी उभी असतेस. मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारलंत?" ती म्हणाली. "घरी आल्यावर तुम्ही फक्त गुण विचारता, बाबा."

सर खाली बसले.

कप्तान रायफल घेऊन आला. बाईंनी क्रमांक पाहिला, जुळला. मग त्या कागद पुढे ओढून लिहू लागल्या.

"मी खरं तेच लिहिणार," त्या भावाला म्हणाल्या. "रायफल बोटीबाहेर गेली नाही, उतरण्याआधी सापडली, आणि तू आपणहून जागा दाखवलीस. हेही खरंच आहे. पण जबाब द्यावाच लागेल. मी बरोबर येईन."

"दोन्ही जमा करून घ्या," सर म्हणाले. "हिचीही."

"बाबा!"

"जमा करून घ्या, बाई. सही कुठं करू?"

त्यांनी सही केली, गळ्यातली किल्ली काढून कागदावर ठेवली.

पाचच्या सुमाराला समोरचा किनारा दिसू लागला. नांगर उचलला गेला. उतारावर पोलिसांची जीप उभी होती. भाऊ स्वतःच चालत तिच्याकडे गेला, बाई त्याच्याबरोबर. मागून ठकीची हाक आली.

"दादा!"

तो वळला. ती रागाने लाल झाली होती, रडतही होती. "मी तुझ्याशी बोलणार नाहीये," ती ओरडली. "शस्त्रक्रियेला ये मात्र."

सरांनी कित्येक वर्षांत गाडी चालवली नव्हती. ते चालकाच्या जागी बसले, सीट पुढे ओढली, आरसा नीट केला.

"डॉक्टरांचा पत्ता सांग," ते लेकीला म्हणाले.