तिसऱ्या ताडावरची हाडळ

ताडावरून कुणीतरी हसलं.

प्रविणने बाईक थांबवली आणि थांबवल्याबरोबर पस्तावला. तलासरीकडून पाड्यावर उतरणाऱ्या वाटेला पाच ताड ओळीनं उभे आहेत. तिसऱ्यावर हाडळ राहते, हे त्याला नोकरीच्या पहिल्याच दिवशी चहाबरोबर सांगून झालं होतं. दोन हजार एकोणीसचा जानेवारी, उजाडायच्या आधीची वेळ. धुक्यानं ताडांची मुंडकी कापून नेलेली... खाली नुसते काळे खांब. आणि वरून ते हसू. बाईचं. घोगरं, निवांत.

नोव्हेंबरपासून इथली जमीन हलत होती. आधी पायाखाली काहीतरी गुरगुरायचं, मग भांडी वाजायची. माणसं घरात झोपायची बंद झाली होती, अंगणात ताडपत्री बांधून पडायची. अशा दिवसांत भुतांची चैन असते.

काकड्याच्या झोपडीपाशी पोचेपर्यंत थंडीतही प्रविणचा शर्ट पाठीला चिकटला होता. काकड्याची मुलगी रूपी दारात उभी होती. तिला धाप लागलेली, केसांत धुक्याचे थेंब.

"काय रे सिस्टर, हाडळ बघितलीस?"

"सिस्टर नाही. ब्रदर म्हणतात आम्हाला."

"मला नको भाऊ. एक आहे, वापीला कंपनीत."

प्रविण आरोग्य केंद्रात नर्स होता. डहाणूच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्याची आई पाहुण्यांना सांगायची, "मुलगा मेडिकल लाईनमध्ये आहे." नर्स हा शब्द तिच्या घशाखालीच राहायचा. तीन स्थळं त्या शब्दावरून परत गेली. एका गृहस्थानं तर पोह्यांची बशी हातात धरून विचारलं, "लोकांचं हगमूत काढायला पुरुषासारखा पुरुष?" त्या गृहस्थाचं म्हातारपणी कोण काढणार होतं, ते त्यानं सांगितलं नाही.

काकड्या गेल्या वर्षी ताडावरून पडला होता. कमरेखालचं हाड मोडलं, आत स्टीलची पट्टी बसवली, पण जखम भरत नव्हती. प्रविण एक दिवसाआड ड्रेसिंगला यायचा. तो पाय आधाराशिवाय उभा राहणार नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पाड्याला सांगितलं होतं, काकड्या बरा झाला.

आणि रोज उजाडल्यावर काकड्या पहिल्या ताडाखाली खाटेवर बसलेला असायचा, गुडघ्यांवर घोंगडी, बाजूला ताज्या ताडीची मडकी. गिऱ्हाईक यायचं. शेजारचा धाकल्या पेला तोंडाला लावून दाद द्यायचा, "काकड्या, या वयात काय चढतोस रे! गोड आहे आजची!"

प्रविणनं त्या सकाळी रूपीच्या नडग्या बघितल्या. घासून सोललेल्या. तळपायांना आतून घट्टे.

"हे कशानं?"

"चुलीपाशी बसून."

"चूल झाडावर मांडलीय का?"

तिनं लुगडं नडग्यांवर ओढलं. मग त्याच्याकडे सरळ बघत राहिली... त्या नजरेत भीती होती आणि कोयत्याची धारही.

"तू चढतेस?" तो म्हणाला. "बाई असून?"

"तू सुया टोचतोस. पुरुष असून?"

प्रविणला कानाखाली बसल्यासारखं झालं. तीन स्थळांनी त्याला जे केलं, तेच त्यानं आत्ता, चार शब्दांत, हिला केलं होतं.

"बाई चढली की ताड आटतो, म्हणतात," रूपी हळू आवाजात म्हणाली. "कळलं तर बागायतदार आम्हाला दिलेली झाडं काढून घेईल. आणि पाडा मला भुताळी म्हणेल. भुताळीचं काय करतात, ते तुला डहाणूत बसून नाही कळायचं. बोलशील कुणाला?"

"नाही."

"शपथ?"

"तुझी."

"माझी कशाला? आपल्या जिवावर घे ना, सिस्टर."

ती हसली. तळव्याआड, आवाज न करता. त्यानं मलमाची ट्यूब तिच्या हातात ठेवली. हात लगेच मागे घेतला नाही. तिनंही.

मग तो रोज लवकर यायला लागला. ड्रेसिंग नसलं तरी. ताडाखाली उभा राहायचा, मान वर, डोळे अर्धे मिटलेले, कारण उंची त्याला खालून बघूनही सोसत नसे. वरून तिचा दबका आवाज उतरायचा.

"आज शर्ट कुठला?"

"दिसत नाही?"

"धुकं आहे. तू सांग, मी वर बसून रंगवते."

"निळा."

"हं... बरा दिसतोस."

"न बघताच?"

"बघून कधी म्हणणार नाही. माजशील."

एकदा तिनं वरून दोरीला बांधून ताडगोळा सोडला. आत पाणी गोड, गार. ते पिताना त्याला कळलं, की आपली वाट लागली आहे.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी गुरगुर जरा लांबली.

रूपी तिसऱ्या ताडावर होती. खाली प्रविणच्या तळपायांतून काहीतरी सरपटत गेलं. कुत्री एकदम गप्प झाली. मग जमिनीनं हिसका दिला. झोपडीची कौलं घसरली, मडकी फुटली, आणि पाचही ताड, वारा नसताना, एका लयीत डोलायला लागले. पाड्यातली सगळी माणसं ताडपत्र्यांखालून ओरडत मोकळ्या वाटेवर आली. ताडांखाली.

धुकं नेमकं तेव्हाच फाटलं.

"हाडळ!" बुधीबाईनं बोट वर केलं. पाड्यातली सगळ्यांत म्हातारी ती. "बघा! तीच हलवतेय!"

ताडाच्या माथ्याला चिकटलेली, केस सुटलेली बाई. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. कुणीतरी दगड घेतला. पहिला खोडावर लागला. दुसरा वर गेला, आणि वरून "आयो!" असा आवाज आला.

प्रविणच्या तोंडात शपथ होती. नाव घेतलं तर ती उघडी पडणार होती, नाही घेतलं तर दगड थांबणार नव्हते. त्यानं चपला काढल्या आणि खोडाला शिडीसारख्या बांधलेल्या बांबूवर पाय ठेवला. एक पेर. दोन पेरं. दगड लागायचा तर आधी आपल्या पाठीला लागू दे, एवढाच विचार. दोन पुरुष उंचीवर त्यानं डोळे घट्ट मिटले आणि ताडाला मिठी मारली. ना वर, ना खाली.

"सिस्टर चढला!" खाली कुणीतरी खिदळलं. "उतरवा रे त्याला!"

"कोण रे तो दगड मारतो?" वरून आवाज आला. आता दबका नव्हता. "धाकल्या, तूच ना? काल माझ्याच हातची पिऊन गोड म्हणालास! मी रूपी आहे, रूपी! वर्ष झालं, मीच चढते. आटला का एक तरी ताड? बघून सांग!"

धाकल्याच्या हातातला दगड खाली पडला.

काकड्या खाटेवरून ओरडला, "मीच शिकवलं तिला!" आणि त्यानं घोंगडी बाजूला केली. सगळ्यांनी तो पाय बघितला, काठीसारखा वाळलेला.

कपाळावर रक्ताची रेघ घेऊन रूपी उतरत आली. तिच्या अंगठ्यानं प्रविणच्या डोक्यावर टकटक केलं.

"बाजूला हो. मला उतरायचंय."

"मला... होत नाही."

"मग डोळे मिटूनच ठेव. मी सांगते तिथे पाय टाक."

ती वरून सांगत गेली, तो पेर पेर उतरला. खाली कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी एकही गिऱ्हाईक आलं नाही. वर्षभर हाडळीच्या झाडाची ताडी घटाघटा प्यायली या लोकांनी. भूत चालतं, बाई नाही चालत. तिसऱ्या दिवशीही कुणी नाही. चौथ्या दिवशी बुधीबाई लोटा घेऊन आली, रूपीकडे न बघता बसली, प्यायली, तोंड पुसलं. "बरी आहे," म्हणाली. तासाभरात धाकल्या आला. बागायतदाराचा माणूस आला तेव्हा मडकी भरलेली होती. त्यानं ती मोजली, मालकाचा वाटा वहीत मांडला आणि गेला.

संध्याकाळी प्रविण तिच्या कपाळाचे टाके बघायला आला. दोघं तिसऱ्या ताडाला टेकून बसले. धुकं पुन्हा उतरत होतं.

"लग्न करशील?" त्यानं विचारलं. टाक्याकडे बघत. तिच्याकडे बघायचा धीर नव्हता.

"तुझी आई पाहुण्यांना काय सांगेल?"

"सून ताडाच्या लाईनमध्ये आहे."

तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग हळूच म्हणाली, "हो... पण झाडं सोडणार नाही."

"सोडू नकोस. त्या पहिल्या दिवशी तू वरून हसलीस ना, तेव्हापासूनच मी..."

"मी?" तिनं डोकं उचललं. "मी वर कधी हसत नाही, प्रविण. हसलं की पकड सुटते."

दोघांनी वर बघितलं. धुक्यानं ताडाचं डोकं गिळलं होतं. आणि तिथून, अगदी वरून, कुणीतरी हसलं. घोगरं. निवांत.

प्रविणनं तिचा हात घट्ट धरला. रूपी मात्र वर बघत राहिली, घरचं माणूस ओळखावं तशी.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. "माझ्याआधीही कुणीतरी चढली असेल. तिला उतरू दिलं नसेल."