विल्पासचं पोट दुखतंय

"घोड्याचं पोट दुखतंय?"

औषधाच्या दुकानात काउंटरपलीकडच्या मुलाने चिठ्ठी दिव्याकडे धरली आणि मग माझ्याकडे पाहिलं. राखाडी डोळे, आणि त्यांत... हसू? छे, भास असेल. जानेवारीच्या थंडीत पाऊण तास रांगेत उभं राहून माझ्या बुटांत बर्फाचं पाणी शिरलं होतं. पाय माझे आहेत की शेजारणीचे, हेही कळत नव्हतं. अशा वेळी कोण कुणाचे डोळे बघतंय! (मी बघितले. कबूल.)

"हो," मी म्हणाले. "फार दुखतंय."

"बिचारा. नाव काय?"

"साइमी."

"घोड्याचं विचारलं मी."

मागे रांगेत शेजारची हिल्मा मावशी फिसकन हसली. ती स्वतः जुनाट खोकल्याची चिठ्ठी घेऊन आली होती आणि अख्ख्या रांगेत एकदाही खोकली नव्हती.

"वि... विल्पास," मी म्हणाले. कान तापले होते.

तोवर काउंटरवर म्हातारे मालक असायचे. ते कधी काही विचारत नसत. चिठ्ठी घ्यायची, दारूची बाटली द्यायची, पुढचा! सगळ्या फिनलंडला दारूबंदी होती, आणि सगळ्या फिनलंडला खोकला होता. मी चार वर्षांची असताना कायदा आला. आता मी सतरा वर्षांची, शाळेच्या शेवटच्या वर्गात. तेरा वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या लिहून, कपबशीतून 'चहा' पिऊन आणि पोलिसाला बघून तोंड पुसून आमचं हामिना गाव नुसतं दमून गेलं होतं.

हा नवा कंपाउंडर मात्र दमलेला नव्हता. त्याने बाटली कागदात गुंडाळली, वर साखरेची एक वडी ठेवली.

"ही विल्पासला. माझ्याकडून."

ती वडी मी कोपऱ्यावरच खाल्ली. कारण विल्पास नव्हताच. बाबांनी त्याला नोव्हेंबरच्या बाजारात विकला होता.

बाबा गाडीवान. लाकडाची कामं बंद पडली, तेव्हा आधी गाडी गेली, मग घोडा. त्यानंतर बाबा खिडकीशी बसले ते बसलेच. चोरून आणलेलं स्पिरिट बंदरावर डब्यातून मिळायचं. बाबा ते एकदा पिऊन आले आणि दोन दिवस भिंती चाचपत चालत होते. आई नाही, त्यामुळे बघायला मीच. मग बाबांचे जुने सोबती, ढोरांचे डॉक्टर, दर शनिवारी घोड्याच्या नावाने चिठ्ठी द्यायला लागले. निदान औषधाच्या दुकानातलं स्वच्छ तरी असतं. एवढ्यासाठी मी रांग लावायची. बाटली मिळाली नाही तर बाबा बंदरावर जाणार, आणि पुढच्या वेळी भिंती तरी सापडतील का, कोण जाणे.

म्हणजे त्या मुलाला संशय येऊन चालणार नव्हतं. पण तो तर दर शनिवारी विचारायचाच!

"काय म्हणतो आमचा रुग्ण?"

"बरा आहे. पण झोपत नाही."

"का बरं?"

"बीजगणिताची परीक्षा आहे त्याची."

"अरे बापरे! मग जेवतो तरी का?"

"उभ्या उभ्या. भाकरी एका हातात, भांडी दुसऱ्या हातात..." मी जीभ चावली. "म्हणजे... खुरात."

तो हसला नाही. वड्या मात्र त्या दिवशी दोन ठेवल्या. "सांगा त्याला, बसून खा म्हणावं."

त्याचं नाव एल्यास. हे मला हिल्मा मावशीने सांगितलं, न विचारता. वय वीस, काकांकडे, म्हणजे दुकानाच्या मालकांकडेच राहतो, बासरीसारखं काहीतरी वाजवतो, वाईट वाजवतो. "आणि तुझ्या घोड्याची फारच चौकशी करतो गं," मावशी म्हणाली. "माझ्या खोकल्याची कधी केली नाही मेल्याने!"

शुक्रवारी रात्रीच मी घोड्याच्या तब्येतीचा विचार करायला लागले. आठवडाभराचा सगळा थकवा त्याच्या पाठीवर लादायचा, आणि शनिवारी काउंटरवर तो हलका करायचा. एल्यासशी मी जितकं खरं बोलले, तितकं कुणाशीच बोलले नसेन. फक्त घोड्याच्या नावाने.

मार्चमध्ये एका शनिवारी काउंटरवर पुन्हा म्हातारे मालक. माझा चेहरा किती पडला, ते मी सांगणार नाही. बाटली घेऊन बाहेर आले, तर दारात बर्फावरची घसरगाडी उभी. एल्यास तिच्यात खोकी चढवत होता. आणि तिला जुंपलेला घोडा...

घोड्याने मान वळवली. सरळ माझ्याकडे आला, गाडी ओढत, आणि माझ्या डाव्या खिशात नाक खुपसलं. त्याच खिशात मी पावाचे कोरडे तुकडे ठेवायची. चार महिन्यांपूर्वी.

"विल्पास," मी म्हणाले. आणि मग मला काही दिसेना.

एल्यास खोकं हातात घेऊन उभा होता. "काकांनी नोव्हेंबरात घेतला," तो हळूच म्हणाला. "मीच खरारा करतो त्याला."

"म्हणजे तुम्हाला... पहिल्या दिवसापासून...?"

"नाव सांगितलंत, तेव्हाच."

"आणि तरी विचारत राहिलात? मजा बघत होतात माझी?"

"नाही हो!" खोकं त्याने बर्फात ठेवलं. "रांगेत सगळ्यांत दमलेल्या तुम्ही दिसायचात. तुम्ही कशा आहात विचारलं असतं, तर 'बरी आहे' म्हणाला असतात आणि गेला असतात. घोड्याचं विचारलं की... कळायचं."

मी विल्पासच्या मानेत तोंड लपवलं. त्याला गवताचा वास येत होता. बाटली कोटाच्या आत बोचत होती.

"आता थोडेच दिवस," मी म्हणाले. "कायदा जातोय. पाच एप्रिलला दहा वाजता सरकारी दुकान उघडणार. बाबा स्वतःच जातील. मला इकडे यायचं काही... कारणच नाही."

"नाही," तो म्हणाला. "तसं कारण नाही."

आणि गाढव नुसता खोकं उचलून आत गेला!

पाच एप्रिल, एकोणीसशे बत्तीस. दहा वाजता. ५-४-३-२-१-०. वर्गात पोरांनी फळ्यावर लिहून ठेवलं होतं. बाबांनी सकाळी सहालाच दाढी केली. हनुवटीवर कापलं. कापूस मी लावून दिला.

"साइमी," ते आरशात बघत म्हणाले, "आता तू रांगेत उभी राहू नकोस. माझं मी बघेन."

ते सुटतील असं मला वाटलं नाही. कायदा येऊन जे सुधारलं नाही, ते कायदा जाऊन कसं सुधारेल? पण माझ्या खांद्यावरची बाटली त्यांनी आपल्या खांद्यावर घेतली होती. मला एकदम खूप झोप आली. मग एल्यास आठवला आणि झोप उडालीच.

मोठ्या सुट्टीत मी पळत सुटले. सगळं गाव चौकापलीकडच्या त्या दुकानापुढे, टोप्या घालून, देवळात आल्यासारखं गप्प उभं. औषधाच्या दुकानात चिटपाखरू नव्हतं. एल्यास एकटा, रिकाम्या बाटल्या पुसत.

"चिठ्ठी?" त्याने विचारलं. आवाज जरा फाटलाच.

"नाही."

"मग... खोकला?"

"नाही." मी दम घेतला. आमच्याकडे परकेपणा सोडायची एक रीत आहे: दोघांनी हातात हात अडकवून एकेक पेला प्यायचा, मग 'तुम्ही' संपतं. आणि विचारायचं बाईमाणसानेच. "प्यायला काय आहे तुमच्याकडे?"

तो लाल झाला. कानांपर्यंत! मग त्याने औषध मोजायचे दोन इवले पेले काढले आणि खोकल्याचं काळंकुट्ट ज्येष्ठमधाचं औषध काठोकाठ भरलं. कोपर कोपरात अडकवताना अर्धं माझ्या बाहीवर सांडलं. उरलेलं आम्ही प्यायलो. भयंकर होतं. डोळ्यांत पाणी आलं दोघांच्याही.

शाळेची घंटा इथपर्यंत ऐकू आली. मी हलले नाही.

"एल्यास," मी म्हणाले, "घोडा कसा आहे?"

त्याने साखरेची वडी काढली, मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"तुझी वाट बघतोय," तो म्हणाला. "जानेवारीपासून."